मुदत संपलेली विनंती

"सही कुठं करायची तेवढं बोट ठेवून दाखवा ताई," दस्तगीरचाचा म्हणाले. "चष्मा आत राहिलाय."

मी अजून पिशवीतून कागद काढलाही नव्हता. दाराशी चपला काढून नुकती कुठे बसले होते. पहाटेची एसटी पकडून पुण्याहून मिरजेला आले होते आणि रस्ताभर एकच घोकत होते, की सहीचा विषय काढायचा कसा. आधी आईची खुशाली, मग त्यांची तब्येत, मग हळूच कागद. आणि इथे म्हातारा स्वतःच सही द्यायला तयार होऊन बसलेला.

"तुम्हाला कुणी सांगितलं सहीचं?"

"तुमच्या सायबांचा फोन आलता काल. पोरानं, इम्तियाजनं घेतला. म्हणाले, नेत्राताई कागद घेऊन येतील, त्याच्यावर सही करा. मी म्हटलं, करतो की. माईणकरबाईंची मुलगी आणतीया म्हटल्यावर त्यात वाचायचं काय?"

आमचे साहेब म्हणजे चिन्मय परचुरे. कोणत्या माणसाकडे कोणाला पाठवावं, हे त्या गृहस्थांना बरोबर कळायचं. कंपनी त्यांनी त्याच एका गुणावर काढली होती. बिटकॉइनमधलं त्यांना माझ्याइतकंच कळत होतं, म्हणजे फारसं नाही.

मी त्या कंपनीत स्क्रीन आखायचं काम करायचे. बिटकॉइनचं पाकीट म्हणजे फोनमधलं एक ॲप. त्यात पैसे पाठवायची स्क्रीन वेगळी आणि पैसे मागायची वेगळी. मागायची स्क्रीन माझी होती. आपण रक्कम टाकायची, ॲप एक काळापांढरा चौकोन दाखवतं, समोरच्याने त्यावर आपला फोन धरला की त्याच्याकडून पैसे येतात. त्या चौकोनाभोवती किती मोकळी जागा ठेवायची, यावर मी सहा आठवडे घालवले होते. ती जागा अशी काही साधली होती, की दुसऱ्या कंपन्यांतली मुलंमुली तिचे नमुने काढून ठेवत. निदान मला तसं सांगण्यात आलं होतं, आणि मी ते आनंदाने खरं मानलं होतं.

चाचांच्या फोनवर ते ॲप मीच घातलं. माझ्या आईचा तानपुरा त्यांच्या हातचा. लहानपणी मी आईबरोबर तारा बदलायला यायचे, तेव्हापासून ते मला ओळखत. त्यांची बरीच गिऱ्हाइकं परदेशातली, त्यांचे पैसे बँकेत आठवडेच्या आठवडे अडकायचे, म्हणून मी मोठ्या उत्साहाने त्यांना आमचं ॲप शिकवलं. पण खरं सांगायचं तर मला त्यांच्या सोयीपेक्षा एक चांगला फोटो हवा होता. मिरजेतला तानपुरे घडवणारा म्हातारा, मागे टांगलेले भोपळे, आणि हातात आमच्या ॲपचा चौकोन. परचुऱ्यांनी तो फोटो गुंतवणूकदारांच्या प्रत्येक बैठकीत दाखवला.

त्यानंतर दोन महिन्यांनी एल्स नावाची एक डच बाई मिरजेला आली. आठवडाभर लॉजवर राहिली, रोज कारखान्यात येऊन बसली, आणि तानपुऱ्यांच्या जोडीची ऑर्डर देऊन गेली. चाचांच्या घरात एक रीत होती. अर्धे पैसे आधी. उरलेले अर्धे वाद्य गिऱ्हाइकाच्या घरी पोचल्यावर, तिथल्या हवेला रुळल्यावर, महिनाभर वाजवून झाल्यावर. "वाजवून बघा, कानाला पटलं तर पाठवा," एवढंच ते सांगत. मागायचे मात्र कधीच नाहीत. उरलेले पैसे आले की ते तारांचा एक नवा संच टपालाने पाठवत. ती त्यांची पावती.

एल्सची जोडी बोटीने निघाली तेव्हा चाचांनी ॲपमध्ये रक्कम टाकली, चौकोन उघडला, झेरॉक्सच्या दुकानात जाऊन तो छापून घेतला, त्याला प्लास्टिकचं वेष्टण घातलं आणि जोडीच्या पेटीत ठेवून दिला. चौकोन तिथे तीन-चार महिने पडून राहणार होता, आणि आमच्याकडे त्याचं आयुष्य होतं पंधरा मिनिटांचं. बिटकॉइनचा भाव सारखा वरखाली होतो, म्हणून मागणी, ॲपच्या भाषेत विनंती, फार वेळ उघडी ठेवायची नाही, असं ठरलं होतं. पंधरा मिनिटं झाली की ती विनंती मिटायची आणि तिचा पत्ता आमचं सर्व्हर पुढे दुसऱ्याच कुणाला देऊन टाकायचं. एल्सने जोडी महिनाभर वाजवली, मग त्या चौकोनावर फोन धरला, आणि तिचे पैसे कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या खात्यात जाऊन पडले. त्या माणसाने ते काढून घेतले आणि खातं बंद केलं.

तारांचा संच आला नाही म्हणून एल्सने कंपनीला पत्र लिहिलं, पैसे पोचले ना? तेव्हा आम्हाला हे कळलं. परचुऱ्यांनी तिला गोलगोल उत्तर दिलं आणि मला मिरजेला धाडलं. कागदावर लिहिलं होतं, की ही विनंती मुदतीत पूर्ण झाली नाही, सबब ती रद्द समजावी, कंपनीबद्दल माझी काही तक्रार नाही.

"पैसे आले-गेले ही चर्चा करायची नाही," त्यांनी मला बजावलं होतं. "विनंती पूर्ण झाली नाही. यात खोटं काही नाही."

मी कागद काढून चाचांपुढे ठेवला. मग मान वर केली, आणि तेव्हा कुठे माझं कारखान्याकडे नीट लक्ष गेलं. एरवी बोलायला आवाज चढवावा लागायचा, इतकी तिथे ठोकाठोक चाललेली असायची. आज सगळं गप्प होतं. कानशी आणि पटाशी एका जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवल्या होत्या. कोपऱ्यात एक तानपुरा उभा होता. नक्षी झालेली, पॉलिश झालेलं, पण तारांखालची घोडी अजून न घासलेली, कोरी.

"काम बंद आहे का चाचा?"

"माझं बंद. इम्तियाज करतो किरकोळ डागडुजी."

"का? बरं नाही का?"

ते हसले. "मला काय धाड भरलीय? कान गेला ताई."

"मी बोलते ते ऐकू येतंय की तुम्हाला."

"बोलणं ऐकू येतंय. जवारीचा कान वायला आसतो." त्यांनी बोटाने हवेतच घोडी घासल्यासारखं केलं. तार घुमावी म्हणून घोडी अशी घासून बेतायची, तीच जवारी. "घोडी घासताना कुठं थांबायचं ते हात सांगत न्हाई, कान सांगतो. एक घास जादा झाला की तार मेली. ती डच बाई. दोन महिने समुद्रात धरा, एक महिना वाजवायचा. आता सहावा चालू हाय. पैसे न्हाई आले. म्हणजे पटला न्हाई जोड."

"तुम्ही विचारलंत का तिला?"

"असलं विचारायचं आसतं व्हय?" ते खरोखर चमकले. "पन्नास वर्षं झाली ह्या गादीवर. एकानं पैसे पाठवले न्हाईत असं झालं न्हाई. त्या बाईचा कान चांगला होता. इथं बसून आठ दिवस ऐकत होती. तिला पटलं न्हाई म्हणजे खोट माझ्यातच. मग म्हटलं, लोकांच्या माथी मारण्यापेक्षा गप बसलेलं बरं."

मी त्यांची सही घ्यायला आले होते. पण ह्या माणसाने तो पैसा केव्हाच सोडून दिलेला होता, आणि त्याच्या जोडीला आपला कानही.

"च्या आणतो," म्हणत इतका वेळ दाराशी बसलेला इम्तियाज उठला आणि जाताना त्याने मला डोळ्यांनी बाहेर बोलावलं. इम्तियाज चाचांचा मुलगा, चाळिशीचा, नक्षीकामात वाकबगार. जवारी त्याला येत नव्हती. ती त्या घरात फक्त चाचांना येत होती.

बाहेर ओट्यावर तो हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, तुम्ही कायतरी करा. अब्बांना मी कानाच्या डॉक्टरकडं नेऊन आणलं. म्हणाले, वयाच्या मानानं फस क्लास हाय. पण ऐकतच न्हाईत. गिऱ्हाइकं दारातनं परत लावतात. ती जोडी मी ऐकलीया. आमच्या घरातनं तसली जोडी आजवर गेली न्हाई."

"मी काय करू शकते?"

"त्या बाईला तेवढं विचारा की. तुमच्याकडं तिचा पत्ता आसंल. पटला न्हाई तर न्हाई म्हणू दे, माझी काय तक्रार न्हाई. पण कळू तर दे. असं किती दिवस बसायचं माणसानं?"

विचारायची काही गरज नव्हती. उत्तर माझ्या फोनमध्ये होतं.

माझ्या त्या सुंदर चौकोनावर फोन धरला की पाठवणाऱ्याच्या फोनवर निरोपाची एक जागा उघडायची. पैसे पाठवणाऱ्याला दोन ओळी लिहायच्या असतील तर लिहाव्यात म्हणून. कल्पना माझीच. एल्सने दोन ओळींवर भागवलं नव्हतं. तिने लिहिलं होतं, की जोडी सुखरूप पोचली. पहिला आठवडा थंडीने जरा रुसली होती, आता बोलायला लागली. दोन्ही एकमेकांत अशा मिसळतात की मी गायचं विसरून नुसती ऐकत बसते. माझ्या गुरूंनी विचारलं, ही जवारी कुणाची. मी तुमचं नाव सांगितलं. तुमच्या कानाला माझा नमस्कार. तारांची वाट पाहते आहे.

पैसे परक्याला मिळाले, पण निरोप मिटलेल्या विनंतीला चिकटून आमच्या सर्व्हरवरच पडून राहिला होता. तो मी तीनदा वाचला होता. एकदा गाडीतही.

फोन उघडून तो इम्तियाजच्या हातात द्यायला मला किती वेळ लागला असता? पण निरोप दाखवला की पैसे पाठवल्याचं कळलं. पैसे पाठवले म्हटलं की ते गेले कुठे, हे आलं. आणि ते आलं की पुढचा प्रश्न होता, की ह्या भल्या माणसाला चौकोन पंधरा मिनिटांत मरतो हे कुणी सांगितलं कसं नाही.

सांगणारी ओळ होती. पहिल्या आराखड्यात चौकोनाच्या खाली ठळक अक्षरांत ती ओळ होती, 'ही विनंती पंधरा मिनिटांनी बंद होईल.' ती मी काढली. चाचणीला बसलेली माणसं ती वाचून बावचळत, घाई करत, चुकीचं बटण दाबत. आणि त्या ओळीमुळे माझी सहा आठवड्यांची मोकळी जागा बिघडत होती. आमचा प्रोग्रॅमर श्रीनाथ पुजारी माझ्या टेबलापाशी येऊन म्हणाला होता, "नेत्रा, बारीक अक्षरात का होईना, पण ठेव. कुणीतरी छापून ठेवेल हा चौकोन." मी त्याला हसले होते. "बिटकॉइन वापरणारा माणूस चौकोन कागदावर कशाला छापेल श्रीनाथ?" मी मिरजेची मुलगी. पावती, पत्ता, देवाची आरती, जे हाती लागेल त्याला प्लास्टिकचं वेष्टण घालून जपणारी माणसं बघत वाढलेली. तरी मी हे म्हणाले.

मला पाठवताना परचुरे शांतपणे म्हणाले होते, "ओळ कोणी काढली, कधी काढली, सगळं नोंदलेलं आहे. मला त्यात जायचं नाहीये. तुलाही नसेल."

आत चाचा कागद हातात धरून बसले होते. चष्मा मागवलाच नव्हता त्यांनी.

"ताई, एकच विचारतो," ते म्हणाले. "मग सही करतो. तुमच्या मशीनीत तुम्हाला सगळं दिसत आसंल. त्या बाईनं पैसे पाठवलेच न्हाईत, का पाठवले आणि वाटेत कुठं अडकले? बँकेत अडकायचे तसे?"

इम्तियाज चहाचे पेले घेऊन दारात थांबला. म्हाताऱ्याने किती दिवस हा प्रश्न मनात धरून ठेवला होता कुणास ठाऊक. कंपनीच्या फोनला तो लगेच होकार देऊन बसला होता तो सहीसाठी नाहीच, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं. मशीनमध्ये बघू शकणारं एक माणूस घरी येणार होतं, म्हणून तो वाट बघत होता.

"नाही," मी म्हणाले. "पाठवले नाहीत."

"नक्की?"

"हो. मी बघितलंय."

त्यांनी दोनदा मान हलवली. "मग बराबर हाय," म्हणाले. कसलाही त्रागा नाही. उलट, कुठलं तरी दुखणं डॉक्टरने एकदाचं नाव घेऊन सांगावं तसा त्यांचा चेहरा सैल पडला. त्यांनी सही केली, एकेक अक्षर सावकाश जोडत, आणि कागद माझ्याकडे सरकवला. मग कोपऱ्यातल्या त्या कोऱ्या घोडीच्या तानपुऱ्याकडे बोट दाखवून मुलाला म्हणाले, "इम्तियाज, हिची जवारी तू काढ."

"मला न्हाई येत अब्बा."

"बिघडव. चार बिघडवल्यास की येईल."

मला त्यांनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. जेवताना आईची चौकशी केली, माझ्या लग्नाचं विचारलं. निघताना म्हणाले, "आईंना सांगा, त्यांच्या तानपुऱ्याला काय लागलं तर आता दुसरीकडं दाखवा. उगं भिडेखातर इथं आणू नका." मी बरं म्हणाले. एसटीत बसल्यावर मला रडू आलं, पण ते स्वतःबद्दलच्या दयेचं होतं. तसल्या रडण्याला काही किंमत नसते.

तो कागद परचुऱ्यांनी खणात ठेवला. पुढे कुणी तो मागितला नाही, कुणी बघितला नाही. एल्स चिवट भांडणारी नव्हती, तिने पुन्हा लिहिलंच नाही. दीड वर्षाने कंपनी बुडाली, ती भलत्याच कारणाने, आणि खणांसकट टेबलं भंगारात गेली. त्या सहीचा कुणालाही काडीचा उपयोग झाला नाही.

कंपनी बुडाल्यावर मला अडवणारं कुणी उरलं नव्हतं. तरी मिरजेला जायला मला आणखी दीड वर्ष लागलं. आधी म्हटलं पत्राने पाठवू, मग म्हटलं फोनवर सांगू, मग म्हटलं आता कशाला. शेवटी एल्सचा निरोप मी स्वच्छ मराठीत एका कागदावर उतरवला. अक्षर मोठं ठेवलं. मुळात होतं तसंच सगळं लिहिलं, वर तारीखसुद्धा.

चाचा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. खूप वाळले होते. आतल्या भिंतीवरचे भोपळे गेले होते आणि तिथे तयार हार्मोनियमच्या पेट्या एकावर एक रचलेल्या दिसत होत्या. इम्तियाजने मला ओळखलं, पण तो बाहेर आला नाही. आतूनच बघत राहिला.

"चाचा, त्या डच बाईंचं पत्र आहे," मी म्हणाले आणि कागद दिला.

ह्या वेळी त्यांनी चष्मा लावला. ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत, अगदी सावकाश वाचलं. 'तुमच्या कानाला माझा नमस्कार' इथे बोट बराच वेळ थांबलं. शेवटपर्यंत गेले. मग बोट परत वर आलं, पहिल्या ओळीच्याही वर, आणि तारखेवर टेकलं.

"ही तारीख बराबर हाय?"

"हो."

"तुम्ही सहीला आला होता, त्याच्या आधीची हाय."

"हो."

"तवा हे तुमच्याजवळ होतं?"

"होतं," मी म्हणाले. मग मी बोलत सुटले. पंधरा मिनिटं, काढलेली ओळ, परचुरे, नोकरी. तीन वर्षं मनात रचून ठेवलेलं सगळं. मी माफी मागितली, पैसे भरून देते म्हणाले, एल्सचा पत्ता शोधते म्हणाले. इम्तियाज दाराशी येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं.

"अब्बा," तो म्हणाला. "मी सांगत होतो तुम्हाला. कान शाबूत हाय म्हणून तीन वर्षं घसा फोडून सांगत होतो."

"हां. सांगत होतास." चाचांनी कागदाची नीट घडी घातली. ती घालताना कागद एकसारखा फडफडत होता. मला आधी वाटलं वाऱ्याने. मग दिसलं, की त्यांचा उजवा हात थरथरतोय, आणि दुसऱ्या हाताने मनगट धरून ते तो थांबवायला बघतायत.

"गेल्या दिवाळीपास्नं असं होतंय," ते म्हणाले. रागाने नाही, नुसती माहिती दिल्यासारखं. "तवा कान होता, हातबी होता ताई. आता नुसता कान राहिला."

त्यांनी घडी केलेला कागद शर्टाच्या खिशात ठेवला. मग मला जा म्हणाले नाहीत की बस म्हणाले नाहीत. इम्तियाज आत गेला आणि त्याने दार लोटून घेतलं.